संगणक मध्येच बंद पडतो तेव्हा : जुना प्रोसेसर आणि त्याचा ठेका

आज बोलायचं आहे ते आपल्या ग्रामसंघाच्या खोलीत, प्लास्टिकच्या कव्हराखाली बसलेल्या जुन्या संगणकाबद्दल. कुणाला तो एखाद्या योजनेतून मिळाला, कुणी वर्गणी काढून जुन्या बाजारातून आणला. हिमायतनगर, हदगाव, किनवट या आपल्या पट्ट्यात नव्या संगणकापेक्षा असे दुसऱ्या-तिसऱ्या हातचेच जास्त. ते चालतात, पण मध्येच थांबतात. आपोआप बंद होतात, परत सुरू होतात, निळा पडदा येतो, नाहीतर माऊस जागच्या जागी गोठतो. मग कॉम्प्युटरवाल्याकडे न्यायचा आणि तो म्हणणार, "ताई, प्रोसेसर गेला. नवीन घ्या."

हे वाक्य ऐकलं की लगेच मान डोलवू नका, एवढ्यासाठी हे बोलणं आहे. प्रोसेसर हा त्या डब्यातला सगळ्यात क्वचित बिघडणारा भाग असतो. पंखा जातो, सेल जातो, वीज पुरवणारा डबा जातो, बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात, रॅमच्या दातांवर मळ बसतो. या सगळ्यांची लक्षणं मात्र सारखीच दिसतात आणि नाव प्रोसेसरवर येतं.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला "सीपीयू" म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत असतो. साधारण आगपेटीच्या आकाराची चौकोनी चकती, तिच्यावर धातूचं जाड बूड आणि त्यावर पंखा. डब्याला मी डबाच म्हणणार आहे.

हा विषय नुसता यंत्राचा असता तर रेडिओवर घेतला नसता. आमच्या भागातल्या एका ग्रामसंघात मागे उन्हाळ्यात संगणकावर कर्जाचे हप्ते भरले जात होते. लिपिका ताई पावती फाडायची आणि लगेच नोंद टाकायची. दोनदा मध्येच डबा बंद पडला आणि शेवटच्या काही नोंदी गेल्या. महिनाअखेरच्या यादीत दोन बायांची नावं थकबाकीत आली. त्यातली एक बैठकीत उभी राहिली नि म्हणाली, "पैसे तर मी भरले होते नं माय, मग गेले कुठं?" पावतीपुस्तक होतं म्हणून निभावलं. पण दोन बैठका त्या लिपिकेकडे बाया ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर काही पावतीनं लगेच पुसली नाही. गरीब बाईनं घरोघर जाऊन पावत्या जुळवल्या. पुढे दुकानदारानं नव्या संगणकाचा आकडा सांगितला तेव्हा कुणीतरी असंही बोललं, की हिलाच नवा पाहिजे म्हणून ही जुन्याला नावं ठेवते. तर यंत्राची अस्थिरता अशी माणसांवर उतरते. म्हणून कारण शोधून दाखवता आलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, प्रोसेसरचा वेग म्हणजे काय. तुम्ही भजनाला बसलेल्या आहात. परमेश्वराच्या यात्रेत कुठल्याही मंडळापाशी उभं राहिलं तरी दिसतं, टाळ एका संथ ठेक्यात पडत असतो आणि त्याच एका ठोक्यात पखवाजवाला चार-सहा बोल काढतो. संगणकात अगदी असंच आहे. मुख्य बोर्डावर एक टाळ आहे, त्याला क्लॉक म्हणतात. प्रोसेसर हा पखवाजवाला. टाळाच्या एका ठोक्यात प्रोसेसरनं किती बोल काढायचे तो आकडा म्हणजे मल्टिप्लायर, साध्या मराठीत गुणक.

उदाहरण घेऊ. इंटेलचा कोअर २ ड्युओ ई७५०० नावाचा प्रोसेसर २००९ च्या सुमाराचा आहे आणि जुन्या बाजारात तो पुष्कळ फिरतो. त्याच्या बोर्डाचा टाळ सेकंदाला २६६ दशलक्ष वेळा पडतो, म्हणजे २६६ मेगाहर्ट्झ. गुणक ११. गुणाकार करा. सुमारे २९३० मेगाहर्ट्झ, म्हणजेच २.९३ गिगाहर्ट्झ. खोक्यावर १०६६ असा एक आकडा छापलेला असतो, तो याच २६६ चा चौपट. एका ठोक्यात चार वेळा माल उतरवला जातो म्हणून चौपट लिहितात. त्यानं गोंधळून जायचं कारण नाही.

मेगाहर्ट्झ हा शब्द तर रेडिओमुळे आपल्या कानाला ओळखीचा आहे. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी बायांचं जे केंद्र आहे, माणदेशी तरंग वाहिनी, ते ९०.४ मेगाहर्ट्झवर लागतं. सेकंदाला नऊ कोटी चार लाख कंपनं. १९९४ साली निघालेला एक पेंटियम प्रोसेसर बरोबर ९० मेगाहर्ट्झचा होता. म्हणजे रेडिओची लहर आणि तेव्हाचा संगणक जवळपास एकाच ठेक्यात नाचत होते म्हणा ना. त्यानंतर दहा वर्षांत हा ठेका तीस-चाळीसपट झाला. २.९३ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटीमीटर जातो, आपल्या तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडाच जास्त.

आता टाळकऱ्यानं हौसेनं लय वाढवली तर काय होतं? कसलेला पखवाजवाला थोडी वाढ पेलतो. पण घाम येतो, दम लागतो आणि एका क्षणी बोल चुकतो. संगणकात बोल चुकला की तो गोठतो, निळा पडदा येतो नाहीतर सरळ बंद होतो. टाळ वाढला की नुसता प्रोसेसर नाही, रॅमसुद्धा त्याच टाळावर चालते, तिचीही लय वाढते. मुद्दाम लय वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. शहरात गेम खेळणारी पोरं हे हौसेनं करतात. संगणक जुना झाला की तीच पोरं तो विकतात आणि फिरत फिरत तो आपल्यापर्यंत येतो. आतली वाढवलेली लय तशीच.

त्या ग्रामसंघाच्या डब्याचं हेच होतं. पण तिथपर्यंत पोचलो ते एका वहीमुळे. लिपिका ताईला सांगितलं, दुरुस्तीचं नंतर बघू, आधी डबा प्रत्येक वेळी बंद पडला की वेळ लिही. तेव्हा काय काम चालू होतं, सुरू करून किती वेळ झाला होता, खोलीतला पंखा-दिवा चालू होता का, आणि परत किती वेळानं सुरू झाला, तेही लिही. बारा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या आठ दुपारी बारा ते चारमधल्या. सकाळी नऊ ते अकरा एकदाही नाही. बंद पडल्यावर लगेच बटण दाबलं तर मिनिटभरात परत बंद, अर्धा तास ठेवलं तर नीट. खोलीतला पंखा प्रत्येक वेळी चालूच होता.

ही वही म्हणजे निम्मं निदान. दिवा-पंखा एकाच वेळी मंदावून डबा बंद पडत असेल तर दोष विजेचा. संध्याकाळी गावावरचा भार वाढला की दाब उतरतो, तेव्हा यूपीएसची बॅटरी मेलेली असली तर डबा ते झटके सोसू शकत नाही. यूपीएस तपासायची सोपी रीत म्हणजे संगणक काढून त्याजागी एक साधा टेबललॅम्प लावायचा आणि भिंतीतली पिन उपटायची. दिवा लगेच विझला तर बॅटरी गेली. दिवसा-रात्री, काम असो नसो, कधीही बंद पडत असेल तर वीजपुरवठ्याच्या डब्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे, किंवा रॅमकडे बघायचं. आणि उन्हात, कामाचा भार असताना, ठरावीक वेळानं बंद पडून विश्रांतीनंतर चालू होत असेल तर ती उष्णता. यात फार डोकं लावायचं नाही. ताप कधी चढतो हे बघून आपण लेकराच्या दुखण्याचा अंदाज घेतोच की.

उष्णतेचा हिशोब आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या बाईला वेगळा सांगायला नको. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ई७५०० या प्रोसेसरची उष्णता जास्तीत जास्त ६५ वॅटच्या हिशोबात धरलेली आहे. पूर्वीचा साठचा पिवळा बल्ब पेटता असताना हातात धरवत नसे. तेवढी उष्णता इथे नखाएवढ्या तुकड्यातून निघते. ती बाहेर नेणारा पंखा खोलीतलीच हवा वापरतो. थंडीत खोली २५ अंशांवर असते, मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४२ वर जाते. म्हणजे काहीही न बिघडता प्रोसेसर सतराएक अंशांनी जास्त तापतो. म्हणून तोच संगणक डिसेंबरात गुणी आणि मे महिन्यात नाठाळ. फार तापला की प्रोसेसर आधी स्वतःच वेग उतरवतो, तेव्हा संगणक संथ वाटतो. तरी ताप वाढला तर तो जळण्याआधी सगळंच बंद करून टाकतो. ते बंद पडणं म्हणजे बिघाड नाही, सुरक्षा आहे.

लय वाढवली की उष्णता वाढते, आणि वाढवलेली लय टिकावी म्हणून ही मंडळी प्रोसेसरला जाणारं व्होल्टेजही वाढवतात. तिथे खरा चटका आहे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं तर उष्णता दहा नाही, एकवीस टक्के वाढते. त्यात साडेबारा टक्के वेग वाढवला की एकूण छत्तीस टक्के. थंड खोलीत, मोठा पंखा बसवून पुण्या-मुंबईचा पोरगा हे चालवून घेत असेल. विकताना त्यानं तो मोठा पंखा काढून साधा बसवला असेल तर?

जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रोसेसर कंपनीलाही याच भिंतीवर डोकं आपटावं लागलं. नव्वदच्या दशकापासून जाहिरातीत एकच आकडा मिरवायचे, आधी मेगाहर्ट्झ, मग गिगाहर्ट्झ. इंटेलला पेंटियम ४ चा वेग ४ गिगाहर्ट्झवर न्यायचा होता. २००४ साली तो बेत सोडून द्यावा लागला. त्या वेळचे पेंटियम ४ आधीच ऐंशी वॅटच्या वर तापत होते. मग २००६ मध्ये कोअर २ आले. ठेका कमी, पण प्रत्येक ठोक्यात काम जास्त आणि पखवाजवाले दोन. १.८६ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ ३ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला कित्येक कामांत मागे टाकायचा. तेव्हा जुन्या बाजारात कुणी "तीन गिगाहर्ट्झ आहे ताई" म्हणून पेंटियम ४ गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

तर आपल्या डब्याचा ठेका किती आहे हे कसं बघायचं? विंडोजमध्ये "माय कॉम्प्युटर"वर उजवं बटण दाबून "प्रॉपर्टीज" उघडा. प्रोसेसरच्या ओळीत बहुतेक वेळा दोन आकडे दिसतात. पहिला प्रोसेसरच्या जन्मदाखल्यावरचा, म्हणजे त्यात कंपनीनं कोरलेला, उदाहरणार्थ २.९३. दुसरा सध्या मोजलेला. आमच्या त्या डब्यावर पहिला होता २.९३ आणि दुसरा ३.३०. एका सदस्येची मुलगी नांदेडला पॉलिटेक्निकला आहे, सुट्टीत आली होती. तिनं हे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, ह्याला कुणीतरी पळवलंय." टाळ २६६ चा ३०० केलेला होता. ११ गुणिले ३००, तेहतीसशे. ८०० च्या रॅमला त्यामुळे ९०० नं पळावं लागत होतं.

उलटंही दिसू शकतं, आणि त्यात घाबरायचं नाही. दुसरा आकडा १.६० दिसला तर दुकानदारानं फसवलं असं म्हणू नका. काम नसताना हा प्रोसेसर गुणक ११ वरून ६ वर आणतो. सहा गुणिले २६६, सुमारे सोळाशे. रिकाम्या वेळी वीज वाचवायची ती सोय आहे, काम पडलं की तो परत उठतो. काम पडूनही उठत नसेल तर मात्र उष्णता तपासा.

आणखी जुन्या यंत्रांत वेगळीच गंमत आहे. एएमडीच्या अ‍ॅथलॉन एक्सपी २०००+ या प्रोसेसरच्या नावात दोन हजार असलं तरी त्याचा वेग १.६७ गिगाहर्ट्झच, साडेबारा गुणिले १३३. बोर्डावरचा सेल संपला की बऱ्याच बोर्डांवर हा १३३ चा टाळ १०० वर यायचा आणि प्रोसेसर साडेबाराशेवर. संगणक चालायचा, पण मरगळलेला. लोक प्रोसेसर बदलायला निघायचे आणि दोष तीस-चाळीस रुपयांच्या सेलचा असायचा.

हा सेल म्हणजे मोठ्या बटणाएवढी गोल चकती, नाव सीआर २०३२, तीन व्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळात जो स्फटिक असतो तसाच एक बोर्डावर असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. डबा बंद असताना हे घड्याळ सेलवर चालतं, आणि सगळ्या सेटिंग्जची आठवणही तोच सेल जपतो. पिन लावलेली आणि बोर्डाचं बटण चालू असेल तर सेल फारसा खर्च होत नाही. आपण रोज संध्याकाळी बोर्डाचं बटण बंद करतो, शिवाय लाईट जाते, म्हणून आपल्याकडे सेल लवकर संपतात. खूण अगदी सोपी आहे. सुरू करताना तारीख कुठल्या तरी जुन्या सालाची दिसते, एफ १ दाबा असं इंग्रजीत येतं, आणि बँकेच्या किंवा सरकारी साईट "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत. साईट तारीख बघतात, म्हणून असं होतं.

आता लय जागेवर आणायचं काम. डबा सुरू होता होता डिलीट किंवा एफ २ हे बटण पुन्हा पुन्हा दाबलं की निळ्या-करड्या रंगाचं एक पान उघडतं, त्याला बायोस म्हणतात. तिथे काहीही बदलायच्या आधी मोबाईल काढा आणि प्रत्येक पानाचा फोटो घ्या. हे मी दोनदा सांगते, प्रत्येक पानाचा फोटो. विशेषतः हार्डडिस्कच्या ओळीसमोर आयडीई लिहिलंय की एएचसीआय, ते. कारण मूळ सेटिंग्जवर परत जाताना ती ओळही बदलू शकते, आणि मग विंडोज सुरूच होत नाही, निळा पडदा येतो. अशा वेळी माणूस समजतो की आता तर पुरताच गेला. फोटो बघून ती एक ओळ पूर्ववत केली की चालू होतो. आणि फोटोच्याही आधी हिशोबाची फाईल पेनड्राईव्हवर. हे सांगायला नको, तरी सांगते.

त्यानंतर "लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स" किंवा "लोड सेटअप डिफॉल्ट्स" अशी ओळ शोधायची, हो म्हणायचं, एएचसीआय-आयडीईची ओळ जुळवायची, तारीख-वेळ घालायची आणि एफ १० नं जपून बाहेर पडायचं. टाळ आणि व्होल्टेज मूळ जागी येतात. बायोसला कुणी पासवर्ड घातला असेल तर पिन उपटून, तो गोल सेल काढून थोडा वेळ ठेवायचा. बहुतेक जुन्या डेस्कटॉपमध्ये सगळं विसरलं जातं. मोठ्या कंपन्यांचे तयार संगणक, जे कार्यालयांतून निघतात, त्यांत वेग बदलायची सोयच बहुधा नसते, त्यामुळे तिथे ओव्हरक्लॉकिंगचा संशय घेऊ नका, सरळ धुळीकडे वळा.

धूळ म्हणजे आमच्या त्या डब्यातला दुसरा गुन्हेगार. शेजारच्याच खोलीत गटाचं मिरची-हळदीचं कांडप. डबा उघडला तर सगळ्यांना शिंकाच शिंका. पंख्याखालच्या जाळीत हळदीचा पिवळा थर आणि कापसाचं बोंड पिंजावं तसा लोळ बसलेला. हवा जाणार कुठून? कांडपाच्या खोलीला लागून संगणक ठेवायचा असेल तर मधलं दार बंद आणि डबा जमिनीवर नको, टेबलावर पाहिजे.

साफ करताना पिन काढायची, मग एकदा चालूचं बटण दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावायचा. कोरडा मऊ ब्रश आणि सायकलचा हातपंप एवढं पुरे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं मारू नका, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, भिरभिरू देऊ नका. ओलं फडकं तर नकोच.

पंख्याखालच्या धातूच्या बुडात आणि प्रोसेसरमध्ये एक मलम असतं, थर्मल पेस्ट. बारा-पंधरा वर्षांत ते वाळून पापुद्रा होतं. बूड काढायचं असेल तर आधी संगणक दहा मिनिटं चालवून, बंद करून, पिन काढून, कोमट असतानाच काढा आणि आधी हलकंसं इकडे-तिकडे फिरवून सुटं करा. सरळ वर ओढलं तर जुन्या पेंटियम ४ सारख्या यंत्रांत वाळलेल्या मलमासकट प्रोसेसरच उपटून हातात येतो. जुनं मलम सुती कापडानं पुसून तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी नवी गोळी मध्यभागी ठेवायची. आपल्याकडे बाया सढळ हाताच्या, पण इथे जास्त लावलं तर ते बाजूला ओघळतं आणि उपयोग काही नाही.

कोअर २ च्या काळातल्या बोर्डांवर हा पंखा चार कोपऱ्यांतल्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. माझ्या मते उन्हाळ्यातल्या बंद पडण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हे आहे. चारांतली एक खुंटी सुटलेली असते, पंखा फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि बूड मात्र एका बाजूनं उचललेलं. खुंटीच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेनं फिरवली की सुटते. बसवताना उलट फिरवून, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर टक आवाज येईपर्यंत दाबायच्या. त्या डब्याची एक खुंटी अशीच लटकत होती. वाढवलेली लय, हळदीचा थर आणि सुटलेली खुंटी, तिन्ही मिळून मे महिन्याची दुपार काही सोसेना.

डबा उघडलाच आहे तर बोर्डावरचे छोटे उभे नळकांडे, कपॅसिटर, बघून घ्या. त्यांचं डोकं सपाट पाहिजे. पुरीसारखं फुगलेलं किंवा वर तपकिरी डाग आलेला असेल तर प्रोसेसरला जाणारी वीज स्थिर राहत नाही. साधारण २००० नंतरच्या सहा-सात वर्षांत जगभरच्या बोर्डांत हे खराब कपॅसिटर गेले होते, त्यामुळे त्या काळच्या यंत्रात हे हमखास बघायचं. सोल्डरिंग करणारा चांगला कारागीर ते बदलून देतो. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी दातांवरून साधं खोडरबर हलकं फिरवा, कचरा झटका, परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेकीवर दिवसभर चालवून बघा. विंडोज ७ मध्ये रॅम तपासायची सोय आतच आहे, "मेमरी डायग्नोस्टिक" नावाची. रात्री लावून झोपा.

एवढं करूनही बंद पडतच असेल तर एक परीक्षा उरते, आणि ती मला फार आवडते, कारण तिला पैसा लागत नाही. लय मुद्दाम उतरवायची. बायोसमध्ये सोय असेल तर टाळ २६६ चा २०० करा. ११ गुणिले २००, बावीसशे. नाहीतर विंडोज ७ मध्ये पॉवर ऑप्शन्सच्या आत "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" आहे, तिथे शंभराच्या जागी सत्तर टाका. चार दिवस वही लिहा. उतरत्या लयीत एकदाही बंद पडला नाही तर समजायचं की म्हातारा पखवाजवाला, बोर्ड किंवा एसएमपीएस, यांच्यापैकी कुणाचा तरी दम कमी झाला आहे. तेवढ्याच लयीत चालू ठेवा. आपल्याला गटाचा हिशोब मांडायचा आहे, पत्र टाइप करायचं आहे. त्याला २.२ गिगाहर्ट्झ आणि ३.३ गिगाहर्ट्झ यातला फरक कळतसुद्धा नाही. आणि उतरवूनही तसाच बंद पडत असेल तर प्रोसेसरच्या वेगाचा काही संबंध नाही, एसएमपीएस दुसऱ्याचा उसना लावून बघा.

दुकानात जाताना वही बरोबर न्या. "दुपारी बंद पडतो, सकाळी नाही, वेग मूळ जागी आणलाय, मलम नवीन आहे, सेल बदललाय," असं सांगणाऱ्या बाईला "प्रोसेसर गेला" म्हणायच्या आधी समोरचा जरा थांबतो. तरीही तो तेच म्हणाला तर एवढंच विचारायचं, दुसरा प्रोसेसर लावून बघितला का? या जातीचा जुना प्रोसेसर आता स्वस्तात मिळतो, आणि दुरुस्तीच्या दुकानात एखादा पडलेलाही असतो.

एका बाबतीत मात्र माझं मत कडक आहे. ज्या डब्यावर अजून विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ आहे, तो कितीही गुणी चालो, त्यावरून बँकेचा व्यवहार करायचा नाही. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती २०१४ साली थांबली, विंडोज ७ ची २०२० मध्ये. हिशोब त्यावर लिहा, बँक नको.

त्या ग्रामसंघाला या सगळ्यासाठी एक सेल, मलमाची एक नळी आणि एका रविवारची सकाळ लागली. हप्त्याची नोंद आता आधी रजिस्टरला, मग संगणकावर जाते. दर पाच पावत्यांनंतर कंट्रोल आणि एस. एक्सेल दर दहा मिनिटांनी आपोआप प्रत राखतं, तिथे दोन मिनिटं केलंय. डब्याच्या आतल्या बाजूला लिपिका ताईनं कागद चिकटवलाय. त्यावर टाळ २६६, गुणक ११, सेल कधी बदलला, मलम कधी लावलं आणि धूळ कधी काढली, ते लिहिलंय. धुळीच्या तारखेखाली तिनं पुढचे दोन रकाने आधीच आखून ठेवलेत, एक दिवाळीच्या आधीचा आणि एक होळीचा.